चाखलेलं धरायचं नाही

वस्तादांचं वजन उतरत होतं तोवर सगळ्यांना गंमत वाटत होती. मग ते एकाएकी अडून बसलं आणि कारखान्याच्या अख्ख्या कॅन्टीनला एकच कोडं पडलं. हा माणूस खातो तरी काय, आणि कधी?

कारण दिसायला तर वस्ताद काहीच खात नव्हते. सकाळी घरून दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध घेऊन निघाले, की संध्याकाळी बायकोने ताट वाढेपर्यंत पोटाला सुट्टी. दुपारी हॉलमध्ये कामगार ताटांवर तुटून पडायचे, मागे भटारखान्यातली माणसंही आपापली ताटं घेऊन पालथ्या पिंपांवर बसायची, आणि वस्ताद हाताची घडी घालून, सगळ्यांकडे पाठ करून, खिडकीतून बाहेर लावलेल्या सायकली बघत उभे. असं करवतं का हो माणसाला? तेही आचाऱ्याला? वस्तादांनी करून दाखवलं. आणि तरी काटा चौऱ्याण्णववर जो बसला तो उठायला तयार नाही.

आता कुणी विचारेल, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला सडपातळ होऊन कुठे मिरवायचं होतं? तर मिरवायचं कुठेच नव्हतं. वस्तादांना एक किडनी द्यायची होती. ताईला.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. वयाने आठ वर्षं मोठी, आवाजाने वीस. पडदे शिवायचं तिचं दुकान होतं, ते आता बंद. दर एक दिवसाआड तिला इस्पितळात मशीनला जोडायचे, रक्त गाळून परत अंगात सोडायचे, आणि घरी पाठवताना बजावायचे, पाणी मोजून, मीठ जवळजवळ नाहीच. ताई घरी येऊन झोपायची ती दुसऱ्या दिवशीच उठायची, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मशीन. वस्ताद पहिल्यांदा म्हणाले, "माझी घे," तेव्हा तिने त्यांच्याकडे बारीक डोळे करून बघितलं.

"ह्यात काय गंमत केलीयस?"

"ताई, किडनीत काय गंमत करणार?"

"तू माझ्या शिवणाच्या डब्यात रबराची पाल ठेवली होतीस. लग्नाच्या आदल्या दिवशी. तुझा काय भरवसा?"

तिचं चुकत नव्हतं. वस्तादांनी आयुष्यात स्वयंपाकाखालोखाल काही केलं असेल तर लोकांची फिरकी घेणं. कच्च्या अंड्यांच्या ट्रेमध्ये एक उकडलेलं अंडं सरकवून ठेवायचं. नव्या माणसाला स्टोअरमध्ये पाठवायचं, "वाफ भरून ठेवायची बरणी घेऊन ये," म्हणून. पण ह्या वेळी खरंच गंमत नव्हती. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं. डॉक्टरीणबाई फाईल मिटून म्हणाल्या, "फक्त वजन. नव्वदच्या आत या, मग तारीख देते. आणि उपाशी राहून उतरवू नका. तुम्ही टेबलावर धडधाकट पाहिजे आहात मला. दोन पेशंट नकोत, एकच पुरे आहे."

सुरुवातीला भराभर उतरलं. गोड सोडलं, रात्रीचा दुसरा भात सोडला, आणि शंभराच्या वरून वजन धडाधड खाली आलं. वस्ताद कॅन्टीनभर पॅन्टचा सैल पट्टा दाखवत हिंडले. मग चौऱ्याण्णव. आणि मग रोज चौऱ्याण्णव.

पहिला संशय काट्यावर. घरातला काटा स्वस्तातला, त्याची स्प्रिंग दमली असणार. म्हणून एका सकाळी वस्ताद कॅन्टीनच्या मागच्या दारापाशी, बटाट्यांची पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात चिमटी आली.

चिमटी ही वस्तादांच्या हाताखालची पहिली आचारीण. मीठ घालताना नेहमी चिमटीचिमटीने घालायची, हात कधी सैल सोडायची नाही, म्हणून वस्तादांनीच हे नाव ठेवलेलं. बारा वर्षं ती त्यांच्यासोबत होती. सगळं चिरायची, सगळं परतायची, पण शेवटी मीठ-तिखट ठरवायचं ते वस्तादांनी. तिथे दुसऱ्या कुणाच्या जिभेला प्रवेश नव्हता.

तिने काट्यावरच्या वस्तादांकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हा माल सोलून ठेवू का, की सालासकटच शिजवायचाय?"

काटा चौऱ्याण्णवच म्हणत होता. काटा निर्दोष सुटला.

दुसरा संशय बायकोवर. "खरं सांग," वस्तादांनी तिला विचारलं, "मी झोपेत असताना माझ्या तोंडात काही घालतेस का?"

"उशी कोंबावीशी वाटते," बायको म्हणाली. "घोरणं ऐकून. अजून धीर झाला नाही."

बायकोही सुटली. मग वस्तादांनी जे करू नये ते केलं. लवकर उतरावं म्हणून नुसत्या लिंबूपाण्यावर राहायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच, उकळत्या सुपाच्या पातेल्यासमोर, त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. हातातलं झाकण खाली आदळलं. ते स्वतः पातेल्याकडे झुकले ते चिमटीने मागून कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. चिमटी गप्प बसणारी नव्हती. तिने सरळ ताईला फोन लावला. ताईने डॉक्टरीणबाईंना लावला. संध्याकाळपर्यंत तीन बायकांनी मिळून वस्तादांची जी बिनपाण्याने केली, ती ऐकून कॅन्टीनचं मांजरसुद्धा दोन दिवस नीट वागलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंकडे धाडलं. वस्तादांनी पहिल्याच भेटीत त्यांचं नाव काकडीबाई ठेवून टाकलं. तरुण, चष्मेवाल्या, आणि हसतमुख. "हळू उतरतंय तर उतरू दे," त्या म्हणाल्या, "पण थांबलंय का ते बघू. दुपारचं जेवण सोडू नका. उपाशी राहिलात तर चरबीआधी अंगातली ताकद जाईल, आणि ऑपरेशननंतर तीच तर लागणार आहे." अर्धं ताट भाज्या, मुठीएवढा भात, सोबत अंडी नाहीतर मासा नाहीतर डाळ, असं त्यांनी समजावून सांगितलं. वस्तादांनी मान डोलावली, घरी आले, आणि दुपारचं जेवण पुन्हा उडवलं. तेवढंच लवकर होईल, हा त्यांचा हिशेब. ताईचा चेहरा दर खेपेला आणखी पिवळा दिसत होता, आणि ह्यांना ताटात भात दिसला की तोच चेहरा आठवायचा. कसं जेवणार?

मग एक विचित्र गोष्ट झाली. कारखान्याचा बॉयलर बिघडला आणि कॅन्टीन आठवडाभर बंद पडलं. वस्ताद घरी. घरी बायकोचं राज्य, आणि बायकोने काकडीबाईंचं सगळं पाठ केलेलं. दुपारी भाजीचा डोंगर, दोन अंडी, थोडा भात. संध्याकाळी तेच. संध्याकाळचा बायकोबरोबर फेरफटका. वस्ताद कुरकुरत जेवले, पोटभर जेवले. आठवड्याच्या शेवटी काट्यावर चढले आणि उतरून पुन्हा चढले.

काटा खाली आला होता!

कॅन्टीन सुरू झालं. दुपारचं जेवण पुन्हा बंद. काटा जिथल्या तिथे.

वस्तादांची झोप उडाली. मजेने उडाली. आयुष्यभर लोकांना कोड्यात पाडणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी कोड्यात पाडलं होतं. जेवलं की उतरतं, उपाशी राहिलं की अडतं. हे कसलं पोट? ते आपणहून, बोलावलेलं नसताना, काकडीबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुम्हाला एक कोडं घालतो," म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

काकडीबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही मजा वाटली असावी, कारण त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "कामावर दिवसभर तोंडात काय काय जातं?"

"काही नाही. सांगितलं ना, उपाशी असतो."

"चहा?"

"बिनसाखरेचा."

"तुम्ही स्वयंपाक करता ना? मग चाखत असाल."

"चाखतो की. चाखल्याशिवाय कसं होणार?"

"किती?"

वस्ताद हसले. "बाई, चाखलेलं धरायचं नाही. ते काम आहे. शिंपी दोरा दातांनी तोडतो, म्हणून तो दोरा खातो असं म्हणाल का?"

"दोरा तो गिळत नाही," काकडीबाई म्हणाल्या.

वस्ताद घरी येईपर्यंत पुटपुटत होते. थेंबभर रस्सा तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, झालं. एवढ्याने कुणाचं वजन वाढतं? मग जगातले सगळे आचारी दारातून आडवे होऊनच आत शिरले असते. काकडीबाईंना खोटं पाडायचं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी चिमटीला जवळ बोलावलं.

"आज माझ्यावर पाळत ठेव. मी किती चाखतो बघ, आणि संध्याकाळी त्या बाईंना तूच सांग, की एवढुसं."

"बघते," चिमटी म्हणाली. डोळ्यांत काहीतरी चमकलं. बारा वर्षांत वाफेच्या बरणीचा सूड घ्यायची संधी तिला पहिल्यांदाच मिळत होती.

दिवस नेहमीसारखाच गेला. वस्ताद नेहमीसारखेच ह्या पातेल्याकडून त्या पातेल्याकडे. पळीने रस्सा तळहातावर, तळहातावरून तोंडात, मीठ कमी. मीठ घातलं, पुन्हा चाख. डाळ शिजली का बघायला चमचाभर डाळ. भात मऊ झाला का बघायला बोटांत दाबायचा आणि दाबलेला टाकून कोण देतं? तोंडात. बटाटा तळलाय का, एक बटाटा. कस्टर्ड दाट झालं का, झारा चाटून. हॉलमध्ये वाढायला सुरुवात झाली की प्रत्येक भांडं रिकामं होताना पुन्हा एकेकदा, कारण तळाचं जास्त खारट होतं. मग सगळी ताटं वाढून झाली की वस्ताद खिडकीपाशी, हाताची घडी घालून, उपाशी.

भांडी धुऊन झाल्यावर चिमटीने त्यांच्यासमोर एक मोठा स्टीलचा डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत रस्सा, डाळ, भात, बटाटे, कस्टर्ड, सगळं एकमेकांत कालवलेलं. वर एक चिकट तवंग.

"हे कुणाचं जेवण असेल, वस्ताद?" तिने विचारलं. "तुमची नजर सांगते म्हणतात."

वस्तादांनी आचाऱ्याच्या नजरेने बघितलं. "भट्टीवरच्या माणसाचं. तगड्या माणसाचं. आणि वर अर्धं ताट दुसऱ्यांदा घेतलेलं. कोण आहे हा खादाड?"

"तुम्ही जेवढं तळहातावर घेत होता, तेवढंच मी ह्यात टाकत होते."

भटारखान्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी डब्याकडे बघितलं, मग चिमटीकडे.

"भरलीस तू जास्त. मला उल्लू बनवतेस. मी शिकवलेल्या विद्येने मलाच."

"मग उद्या तुम्ही भरा."

भरला. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने, एक घास तोंडात तर एक डब्यात. आता आपण बघतोय म्हटल्यावर हात आपोआप आखडेल अशी त्यांची खात्री होती. पण हात ऐकेना. गप्पा मारता मारता पळी उचलली जायची, बटाटा उचलला जायचा, आणि जीभ चाटून झाल्यावर मग आठवायचं, अरे, डबा! उलट एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि ते चक्रावून गेले. जसजसं ऊन चढत होतं, पोटात भूक लागत होती, तसतसं तळहातावरचं चाखणं मोठं होत होतं. सकाळी थेंब, दुपारी घोट. मिठाची शंका येत नव्हती, तरी ते चाखत होते. उपाशी पोट बिचारं मागच्या दाराने जेवून घेत होतं.

डबा भरला. कालच्यापेक्षा जास्तच.

वस्तादांनी तो उचलून बघितला. मग त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. "म्हणजे मला इतके दिवस मीच फसवतोय," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि मला पत्ताच नाही. काय हात आहे माझा! काय सफाई!"

कोडं सुटलं, पण उपाय कुठे होता? चाखल्याशिवाय स्वयंपाक कसा करायचा? वस्तादांनी कुठूनतरी ऐकलं होतं की दारू पारखणारे लोक घोट घेतात आणि थुंकून टाकतात. म्हणून त्यांनी पातेल्यांशेजारी थुंकायला एक मग ठेवला. चिमटीने तो बघितला आणि ॲप्रन सोडायला लागली. "वस्ताद, ह्या भटारखान्यात एकतर हा मग राहील नाहीतर मी."

थुंकायचा मग हटवला गेला. आणि मग तो क्षण आला, जो वस्ताद बारा वर्षं टाळत होते. त्यांनी पळी चिमटीच्या हातात दिली.

"मीठ तू ठरव."

आपला हात आपल्याला विचारल्याशिवाय पळीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी भट्टीतले ट्रे ओढायचे जाडजूड हातमोजे चढवले. दिवसभर मोजे घालून हिंडले. मोज्यावर रस्सा ओतता येत नाही, ही त्यातली मेख. कामगारांना वाटलं वस्तादांचा हात भाजलाय. पहिल्या दिवशी हॉलमधून चमचे वाजले. "रश्श्यात मीठ विसरलात का हो?" वस्तादांचा जीव मोज्यात तडफडला. ते चिमटीकडे झेपावले.

"हात मागे!" चिमटी ओरडली. "मीठ बरोबर आहे. त्यांना तुमच्या खारटाची सवय लागलीय."

खारट? माझं? वस्तादांनी रागाने काकडीबाईंचं ऐकलं. दुपारी ताट वाढून घेतलं, अर्धं भाजी, मुठीएवढा भात, मासा, आणि रस्सा कालचा, स्वतःच्या मिठाचा, मुद्दाम. वीस वर्षांत पहिल्यांदा ते कामावर खाली बसून, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, स्वतःचं जेवण जेवले. पहिला घास झकास. तिसरा ठीक. अर्ध्या ताटाला जीभ जड झाली, आणि शेवटी त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं. मग चिमटीच्या पातेल्यातला वाटीभर मागवला. पहिला घास अळणी वाटला. वाटी कधी संपली ते कळलं नाही.

तळहातावरचा एक घोट आणि एक अख्खं ताट, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पन्नाशीत कळलं. एका घोटाला चव यावी म्हणून जेवढं मीठ लागतं, तेवढ्याने ताटभर जेवणाऱ्याला तहान लागते. ते पिंपावर बसल्या बसल्या ह्याचाच विचार करत राहिले. मग म्हणाले, "चिमटे, हे तुला माहीत होतं?"

"बारा वर्षं सांगतेय. तुम्हाला वाटायचं मी चेष्टा करतेय."

दिवस लोटले तसा काटा हलायला लागला. धावत नव्हता, पण चालत होता. दुपारचं ताट चुकलं नाही, त्यामुळे संध्याकाळची वखवख गेली. काकडीबाई म्हणाल्या अंगाला जोर लागेल असं काही करा, म्हणून पिठाची पोती वस्ताद स्वतः उचलून ठेवायला लागले आणि घरी पायी जायला लागले. झोप पुरी व्हायला लागली, बायकोने उशीचा विचार सोडला. मध्येच एक आठवडा काटा पुन्हा अडला, तेव्हा वस्ताद घाबरले आणि लिंबूपाण्याचं नाव काढलं. काकडीबाई म्हणाल्या, "थांबा जरा. तोंडात काय जातंय ते बघा, आणि बाकी वाट बघा." बघितलं. रोज सकाळी ते चहाबरोबर नव्या बिस्किटांचा डबा 'तपासत' होते. तोही डबा चिमटीच्या ताब्यात गेला.

ठरलेल्या दिवशी ताई मशीन उरकून इस्पितळाच्या बाकावर बसली होती. हातात तिची छोटी बाटली, दिवसभराचं मोजलेलं पाणी. वस्ताद आत गेले. बूट काढले, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, चष्मा काढला.

"दात राहू देत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चढा."

वस्तादांनी डोळे मिटून घेतले. चष्म्याविना तसंही काही दिसत नव्हतं. बाईंनी आकडा मोठ्याने वाचला आणि फाईलवर काहीतरी लिहिलं.

बाहेर येताना वस्तादांनी चेहरा पाडला. सवयच ती. खांदे पाडले, पाय ओढत आले आणि ताईशेजारी धपकन बसले.

"किती?" ताईने विचारलं.

"राहिलं गं थोडं."

ताईने बाटली उघडली. शिवी दिली असती, टोमणा मारला असता, तर वस्तादांनी गंमत आणखी ताणली असती. पण तिने बाटली तोंडाला लावली, एक छोटासा घोट घेतला, आणि मोकळ्या हाताने त्यांचं मनगट धरलं. धरलं ते सोडेना.

त्यांचा चेहरा फुटला. "एकोणनव्वद," ते म्हणाले. "एकोणनव्वद आणि काहीतरी. नव्वदच्या आत. तारीख देतायत, ताई. आत लिहितायत."

ताईने बाटलीने त्यांच्या डोक्यात एक हाणली. मग आणखी एक. समोरून जाणारी नर्स थबकली.

"लहानपणी पाल," ताई म्हणाली, "आणि आता हे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा. तिने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "ऐक. सगळं झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, मला पहिलं जेवण तुझ्या भटारखान्यातलं पाहिजे. रस्सा आणि भात."

"मी स्वतः करतो. माझ्या हाताने."

"कर. पण मीठ चिमटीला बघू दे." ताईने डोळे पुसले. "तुझा हात फार खारट आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तीच. रोज फोन करते मला. तुला काय वाटलं, ते मोज्यांचं मला कळलं नसेल?"